कोयनेवरील फ्लाय फिशिंग: फाल्गुन-चैत्राची नोंद

मागील वर्षी मार्चमध्ये, ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडताच, फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळावर पिसे-लोकर बांधून केलेल्या नकली भक्ष्याने (फ्लायने) मासा धरण्यासाठी, हिमाचलातील तीर्थन नदीवर परवाना काढून चार दिवस घालवले आणि परत येताना नऊ फुटी, पाच नंबरच्या (हलक्या) दोरीचा रॉड घेऊन आलो. आपल्याकडे ट्राउट जगणार नाही, कारण पाणी वीस अंशांच्या वर तापले की त्याला प्राणवायू पुरेनासा होतो, आणि पाटणच्या खाली कोयनेत फाल्गुनातल्या सकाळी सात वाजताही माझ्या थर्मामीटरने २४ अंश दाखवले. त्यामुळे तोच रॉड घेऊन यंदा मी खडस, म्हणजे दख्खनी महसीर, शोधत आहे. धरणामागचा शिवसागराचा परिसर अभयारण्यात मोडतो, म्हणून मल्हारपेठेच्या अलीकडचा पट्टा निवडला आणि तिथल्या मासेमारांना आधी विचारून घेतले.

पहिले तीन रविवार पूर्णपणे वाया गेले. उन्हाळी सिंचनासाठी धरणाच्या पायथा वीजगृहाचे एक युनिट सुरू झाले की १०५० क्युसेक पाणी नदीत येते, दोन्ही सुरू झाली की २१०० क्युसेक. आणि ज्या खडकावर उभे राहून मी सकाळी फ्लाय टाकत होतो, तो दुपारी पाण्याखाली गेलेला असे. आता निघण्यापूर्वी विसर्गाची बातमी पाहतो आणि काठावरच्या एका दगडावर खडूची रेघ ओढून ठेवतो. रेघ बुडू लागली की काठी गुंडाळायची, हा नियम मोडत नाही.

रॉडने दोरी फेकण्यातली चूक जुनीच होती. मागे नेताना मनगट मोडत असल्यामुळे दोरी खाली पडून मागच्या वाळुंजात अडके, आणि एका सकाळी पाच फ्लाय त्या झाडाला अर्पण झाल्या. रॉडचे बूड शर्टाच्या बाहीत खोचून सराव केल्यावर मनगट ताब्यात आले. आता चाळीस फुटांपर्यंत दोरी सरळ जाते, अर्थात वारा नसेल तर.

फ्लायही मी तीर्थनवरच्याच बांधत होतो. दगड उलटून पाहिल्यावर बारीक खड्यांचे घर करून राहणाऱ्या अळ्या सापडल्या, म्हणून गावठी कोंबड्याच्या मानेची पिसे वापरून त्यांच्या नकला केल्या. त्यांना बोटभर चिलापी लागल्या, खडस मात्र फिरकलाही नाही. शेवटी पलीकडे म्हशी धुणारे एक मामा न राहवून ओरडले, “पाव्हणं, मासा उंबराखाली हाय, तुमी उनात काय हुडकताय?”

दीडशे पावलांवर उंबर डोहावर ओणवला होता. पिकलेले फळ डुबुक करून पडे, फूटभर वाहत जाई आणि खालून एक तांबूस सावली वर येऊन ते नाहीसे होई. घरी येऊन आठ नंबरच्या गळावर तांबड्या लोकरीचा आवळ्यापेक्षा लहान गोळा बांधला, कात्रीने गोल कातरला आणि देठाच्या जागी हिरव्या रेशमाचे चार वेढे दिले. ट्राउटसाठी फ्लाय पिसासारखी अलगद उतरवायला शिकलो होतो; इथे ती मुद्दाम आपटावी लागते, कारण त्या आवाजानेच मासा वळतो, आणि त्यानंतर दोरी न ओढता तिला प्रवाहाबरोबर जाऊ द्यावे लागते.

पाडव्यानंतरच्या रविवारी, सहाव्या फेकीला, दोरी एकदम ताणली गेली. रीळ किंचाळले, मासा खडकांकडे धावला आणि सुमारे वीस सेकंदांत सगळे ढिले पडले. गळ हातात घेतला तर तो जवळजवळ सरळ झाला होता, आणि लोकर चुरगळलेली होती. खडसाच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात आणि भक्ष्य तिथेच चिरडले जाते, हे वाचले होते. पण त्या ताकदीला ट्राउटचा बारीक तारेचा गळ पुरणार नाही, एवढे मला आधी सुचायला हवे होते.

पुढच्या रविवारी जाड तारेचा गळ बांधला, उलटा काटा पकडीने दाबून टाकला आणि टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा बारीक धागाही आठ पौंड ताण सोसणारा केला. त्याला चौदा इंचांचा खडस लागला. पाठीवर हिरवट, कडेला पितळी झाक, अंगठ्याच्या नखाएवढे खवले आणि ओठांशी मिशांच्या दोन जोड्या. ओल्या हाताने त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरले आणि कल्ले नीट चालू लागताच सोडून दिले. उंबर अजून महिनाभर तरी पडत राहील असे दिसते, पण डब्यात तांबड्या फ्लाय दोनच उरल्या आहेत.