थंडीतली मरळ आणि डोंग्यामागचा गळ

उन्हाळ्यात मरळ स्वतःच आपला ठावठिकाणा सांगते. नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, हवा घ्यायला तिला वर यावंच लागतं. पाण्यावर बुडबुडा फुटला की तिथं गळ टाकायचा. पौष-माघात ही सोय राहत नाही. पाणी गार झालं की तिचं सगळंच मंदावतं, हवा कमी लागते, वर येणंही कमी होतं. तलाव निपचित पडलेला आणि मासा कुठं आहे याचा पत्ता नाही. मग एका जागी गळ टाकून बसण्यात अर्थ नसतो, तो फिरवावा लागतो. डोंग्यामागं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, सोडायचा आणि गळ ओढत न्यायचा. गेल्या हिवाळ्यात मी हे शिकलो, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या तलावात.

तलाव मामा, म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, मालकीचा. भंडारा-गोंदियाकडं असे तलाव गावोगाव आहेत, त्यातले कितीतरी कोहळी या शेतकरी समाजाच्या लोकांनी बांधलेले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडं आले. आमच्या तलावात मासेमारीचा ठेका ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमार समाजाच्या, सहकारी संस्थेकडं आहे. पावसाळ्यात रोहू, कतला, मृगळाचं बीज तेच पैसे घालून सोडतात. तेव्हा हौस आली म्हणून कोणीही उठून गळ टाकावा, असं चालत नाही. संस्थेतले एक ढिवर काका आमच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला येणारे, ओळखीचे. त्यांनी अध्यक्षांकडं शब्द टाकला. अट अशी ठरली की लागलेला मासा संस्थेच्या काट्यावर जाईल, आणि मला घरी न्यायचा असेल तर भाव देऊन न्यायचा. अट रास्तच होती.

माझ्याकडं गळ होता तो मेव्हण्यानं रत्नागिरीहून पाठवलेला. प्लास्टिकची मासोळी, तोंडाशी पारदर्शक जीभ, पोटाखाली तीन टोकांचे दोन आकडे. तिकडं खडकाळ किनाऱ्यालगत हेकरू या समुद्री माशासाठी ही मासोळी होडीमागं ओढतात. हेकरू कपारीच्या तोंडाशी दबा धरून असतो, म्हणून मासोळी खोल जायला हवी, आणि ती जीभ तिला खाली दाबत नेते. काकांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे समुद्राचं हाये, बाबू. इथं गवत काढाले कामात येईल." कंबरभर पाणी, खाली चिखल, वर कमळाची पानं आणि देवधानाचे, म्हणजे रानभाताचे, बुंधे. बोलणं खरंच होतं.

त्यांचा सरंजाम साधा. पाण्याच्या बाटलीवर गुंडाळलेला जाड तंगूस, टोकाला वीतभर तार, कारण मरळीचे दात तंगूस राखत नाहीत. तारेला एकच मोठा आकडा आणि त्याला नाकातून ओवलेली जिवंत बारीक मासोळी. पावसाळ्यात बेडूक लावतात, पण थंडीत बेडूक चिखलात दडतात, मिळत नाहीत.

पहाटे जायचं नाही, हे मला नवं होतं. मी पाचला तयार होतो. काका निवांत दहानंतर निघाले. रात्रभर मरळ पाळीकडच्या, म्हणजे तलावाच्या बांधाकडच्या, खोल पाण्यात राहते. ऊन चढून उथळ पाणी जरा कोमट झालं की येव्याच्या, म्हणजे तलावात पाणी येतं त्या बाजूला, गवताच्या कडेनं वर सरकते, असा त्यांचा हिशोब. म्हणून पाळीपासून उथळाकडं तिरकं जायचं, आणि गवतात न शिरता त्याच्या काठाकाठानं.

डोंगा पत्र्याचा, तळाशी घोटाभर पाणी. मी पुढं तंगूस धरून, ते मागं बांबूनं रेटत. तंगूस पंधरा-वीस हात सोडलेला. वेग किती, हेच सगळ्यात अवघड. समुद्रात इंजिनाची होडी माणसाच्या भरभर चालण्याएवढ्या वेगानं मासोळी ओढते आणि हेकरू त्यावर झेपावतो. इथं काका बांबू एकदा रेटत आणि डोंगा आपोआप थांबेपर्यंत दुसऱ्यांदा टेकवतच नसत. मधेच पूर्ण थांबत. मला वाटे, हे काय ओढणं झालं! "थंडीत थे धावत नाई," ते म्हणाले. "तोंडापुढून गेलं त घेते, नाईतर नुसती पायते."

झालंही तसंच. पहिली मरळ लागली ती डोंगा थांबलेला असताना. झटका नाही, काही नाही, तंगूस फक्त जड झाला, ओल्या पोत्यात अडकल्यासारखा. मी ओढायच्या बेतात होतो. "थांब, गिळू दे," काका हळूच बोलले. मग एक लांब, सरळ ओढ. त्यानंतर मात्र क्षणाची उसंत नाही. हेकरू लागला की कपारीत घुसतो आणि दोर खडकाला घासून तुटतो. मरळ कमळाच्या देठांत शिरते आणि दोन वेढे घेते. फरक असला तर एवढाच. पहिले तीन-चार हात तंगूस आत आला तर मासा आपला, नाही तर देठच उपटत बसा. काकांनी तेवढ्यात बांबू उलट्या बाजूला रोवून डोंगा गवतापासून दूर लोटला. दोघांशिवाय हे काम नाही, ते तेव्हा कळलं.

मरळ डोंग्यात आली तरी मरत नाही. ओलं पोतं टाकलं की दुपारभर जिवंत राहते, म्हणूनच बाजारात ती जिवंत विकली जाते आणि रोहूपेक्षा भाव जास्त घेते. आकडा काढताना बोट तोंडात घालायचं नाही, चिमट्यानं काढायचा. चिकट अंगाला चुलीतली राख चोळली की धरता येते आणि खवलंही निघतात.

उन्हाळी धानासाठी पाणी सोडायला लागले की तलाव उतरतो, गवत चिखलात बसतं आणि संस्थेचं जाळं लागतं. तोवर दुपारचे दोन-तीन तास, वारा नसेल त्या दिवशी, हा गळ चालतो. वारा असेल तर डोंगा आपल्याला हव्या त्या वेगानं राहत नाही. अशा दिवशी काका घरूनच निघत नाहीत.