तांबे कोणी नेले?

टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांच्या रक्तातील सूक्ष्म खनिजे आणि ऑक्सिडेटिव्ह ताण (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंचा पेशींवर होणारा मारा) यांचा संबंध तपासण्याचे काम मी जीवरसायन प्रयोगशाळेत करत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे. मधुमेहात लघवीवाटे जस्त जास्त बाहेर पडते, म्हणून रक्तातले जस्त बरेचदा कमी आढळते, तर तांबे नेहमीइतके किंवा थोडे चढे असते. नमुन्यांमागून नमुने हाताळून हे चित्र माझ्या चांगले अंगवळणी पडले होते. त्या दिवशी मात्र एका नमुन्यात तांबे दर डेसिलिटरला अवघे ११ मायक्रोग्रॅम निघाले. साधारणपणे ते ७० ते १४० च्या दरम्यान असते. जस्त १२० च्या आत असायला हवे, ते १९० होते.

माझा पहिला संशय नळीवर गेला. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरते आणि तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. मी नळी उजेडात धरून पाहिली. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव, स्वच्छ, गवती पिवळे होते, लालसर झाक कुठेही नव्हती. शिवाय बुचाने जस्त वाढवले असे मानले, तरी तांबे कोणी नेले, याचे उत्तर मिळत नव्हते. खनिजांच्या तपासणीसाठी असलेल्या खास नळीत नव्याने रक्त घेतले, तरी आकडे जवळपास तेच आले. रक्तातले बहुतेक तांबे ज्या प्रथिनात असते, ते सेरुलोप्लाझ्मिनही फार कमी होते.

मग तो नमुना ज्यांचा होता, त्यांच्या डॉक्टरांना मी फोन केला. गृहस्थ साठीच्या आतबाहेरचे होते. वर्षभरापासून तळपाय बधिर होते, अंधारात चालताना तोल जात असे, आणि मधुमेह जुना असल्यामुळे हा त्रास मधुमेहाच्या खात्यावर टाकून सगळे मोकळे झाले होते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व घटू शकते, म्हणून तेही तपासले होते. ते ठीक होते. हिमोग्लोबिन ९ च्या खाली होते आणि पांढऱ्या पेशीही कमी होत्या, पण या दोन गोष्टींचा पायांशी संबंध कोणी जोडला नव्हता. डॉक्टरांनी त्यांना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन बोलावले, तेव्हा औषधांच्या यादीत कधीच न लिहिलेली एक बाटली निघाली. जस्ताच्या ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या ते दररोज, दोन वर्षे घेत होते. प्रौढांसाठी दिवसाची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम मानतात, काही ठिकाणी तर २५ च.

जस्त मधुमेहात आणि ऑक्सिडेटिव्ह ताणावर उपयोगी असते, असे त्यांनी ऐकले होते. ते खोटे नव्हते, याचे मला फार वाईट वाटले. स्वादुपिंडात इन्सुलिनचे सहा रेणू जस्ताच्या दोन आयनांभोवती बांधून साठवले जातात, आणि पेशींना ऑक्सिडेटिव्ह माऱ्यापासून वाचवणाऱ्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकराच्या एका प्रकारात जस्त असतेच. पण त्याच विकराचे प्रत्यक्ष काम तांब्याचा अणू करतो. जस्त त्याची घडण टिकवते. जस्त पोटात सतत जास्त गेले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन भरपूर तयार करतात. ते जस्तापेक्षा तांब्याला अधिक घट्ट पकडते, आणि काही दिवसांत त्या पेशी गळून पडल्या की अडकलेले तांबे शौचावाटे निघून जाते. म्हणजे ज्या ताणावर उपाय म्हणून ते गोळी घेत होते, त्याच्याशी लढणाऱ्या विकराचे तांबे ती गोळीच काढून नेत होती. त्यांच्या तांबड्या पेशींतल्या या विकराची क्रिया मी मोजली, तेव्हा ती आमच्या इतर रुग्णांपेक्षा स्पष्टपणे कमी भरली. मेदाच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणाऱ्या मॅलोनडायअल्डिहाइडच्या चाचणीत, उकळत्या पाण्यातून काढलेल्या त्यांच्या नळीचा गुलाबी रंग शेजारच्या नळ्यांहून इतका गडद होता, की यंत्रात घालण्याआधीच फरक डोळ्यांना दिसला.

जस्त बंद झाले, तांबे सुरू झाले. दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ताळ्यावर आल्या, तांब्याचा आकडाही ७० च्या वर गेला. तांबे कमी पडल्याने मज्जारज्जूला झालेली, पाय बधिर करणारी इजा मात्र रक्तासारखी पटकन भरून येत नाही. बधिरपणा वर सरकायचा थांबला, तळपायांतून गेला नाही. शेवटचा नमुना द्यायला ते आले होते, तेव्हा भरदिवसा जिना उतरतानाही कठडा धरून, प्रत्येक पायरीकडे बघत उतरत होते.