एका तांब्यातला वजू

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते ती भर उन्हात. १५९४ पासूनची ही वारी, असं आमच्याकडे सांगतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी नांगरलेली काळी वावरं, सावली कुठं नाही, डांबर चपलेतून चटका देतं. आमच्या गावची दिंडी पालखीसोबत चालते. माझ्या डोक्यावर तुळस असते. तिला वाटेत पाणी घालत राहावं लागतं, नाहीतर दुपारपर्यंत ती मान टाकते.

गेल्या वर्षी तिवसा तालुक्यात एका धुऱ्यावर आम्ही जेवलो आणि उठलो. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याचे पाऊच तिथंच राहिले, वाऱ्यानं वावरभर झाले. उचलायला कोणी थांबलं नाही. मीही नाही.

यंदा त्याच धुऱ्यावर वावराचे मालक उभे. मुसलमान शेतकरी, साठीच्या पुढचे. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण निंबाखाली दोन रांजण भरलेले होते. जवळ पितळी तांबे, ग्लास एकही नाही. "वरतून प्या माउली. तोंड नाई लावलं त धुवाले पानी लागत नाई."

तेवढ्यात त्यांच्या जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजची वेळ झाली. चाचांनी एक तांब्या घेतला आणि वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला, निंबाच्या आळ्यापाशी उकिडवे बसले. आधी मनगटापर्यंत हात, मग चूळ, नाक, तोंड, कोपरापर्यंत दोन्ही हात. ओला तळवा डोक्यावरून फिरवला, शेवटी पाय धुतले. सगळं पाणी झाडाच्या बुडाशी जिरलं आणि तांब्यात दोन घोट उरलेही. मी बघतच राहिले. सकाळी टँकरच्या नळाखाली आम्ही पाय धुतले, तेव्हा अर्ध्या रस्त्यावर चिखल झाला होता.

"वाहत्या नदीवर बसून वजू केला तरी पानी वाया घालवाचं नाई, असं पैगंबरायनं सांगतलं हाय," चाचा म्हणाले. आमचे विणेकरी बाबा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या गाडगेबाबायनं हाती झाडू देल्ला होता. टाळ धरले अन् झाडू इसरलो." गाडगेबाबांनी १९५६ मध्ये देह ठेवला तो इथून जवळच, वलगावला. विणेकरी बाबांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात दिली आणि धुरा झाडायला घेतला. आम्ही बाया मागोमाग.

१९८६ मध्ये इटलीतल्या असिसी गावी बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम आणि ज्यू धर्मांची जाणती माणसं जमली होती. निसर्ग राखायला आपला धर्म काय सांगतो, ते ज्यानं त्यानं मांडलं. ते मी कधीतरी वाचलं होतं, पण ते मोठ्या लोकांचं काम असं समजून सोडून दिलं होतं. त्या निंबाखाली मला ते पहिल्यांदा माझं वाटलं.

संध्याकाळी पुढच्या गावात बायांचा मुक्काम बुद्धविहारात पडला. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. उष्ट्यासकट सगळ्या पत्रावळी उकिरड्यात गेल्या, त्याचं खतच होणार. तिथल्या एक आजी माझे पाय चेपत बोलल्या, "आमचे भंतेजी पावसाळ्यात फिरत नाईत. कोवळं गवत, किडामुंगी पायाखाली येते म्हनून भगवान बुद्धानं तीन मयने एका जागी रायाले सांगतलं." तो वर्षावास आषाढी पौर्णिमेपासून. आमचा चातुर्मास त्याच्या चार दिवस आधी, एकादशीला. आमच्या गावात बौद्धवाडा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चाळीस वर्षांत मी एकदाही हे विचारलं नव्हतं, याचं त्या रात्री फार वाईट वाटलं.

पहाटे निघताना आजी तांब्या घेऊन आल्या. अर्धं पाणी त्यांनी माझ्या तुळशीत ओतलं, उरलेलं विहारासमोरच्या पिंपळाला.