शेवटचं पाणी

आईच्या गालावर एक पांढुरकी कडी उमटली होती. खिडकीपाशी बसलेल्या आईचा फोटो, मीच काढलेला, फिल्मही मीच घरी धुतलेली. निगेटिव्ह दिव्यासमोर तिरकी धरली तेव्हा चकचकीत बाजूला ते वर्तुळ दिसलं. थेंब सुकताना त्यातले क्षार कडेला गोळा होतात, म्हणून मधे जवळजवळ स्वच्छ आणि भोवती रेघ. ती रेघ उजेड अडवते आणि प्रिंटवर पांढरी दिसते.

डाग चकचकीत बाजूला होता म्हणून निभावलं. तोंडाची वाफ सोडली आणि मऊ, कोरड्या कापडाने हलकेच टिपून घेतला. मॅट बाजूला, म्हणजे इमल्शनवर (ज्या थरात चित्र असतं त्यावर), हे अजिबात करू नका. तिथे फिल्म पुन्हा भिजवून नव्याने वाळत घालायची, आणि तरीही कधी कधी खूण राहतेच.

फिक्सर म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन; त्यानंतरच्या धुण्याला मी इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापरते : फिल्म धुण्याचा बंद डबा, म्हणजे टँक, भरून 5 वेळा उलटसुलट, पाणी बदलून 10 वेळा, पुन्हा बदलून 20 वेळा. नळाचं पाणी इथवर चालतं. शेवटचं पाणी मात्र डिस्टिल्डच. जे क्षार पाण्यात नाहीतच, ते फिल्मवर मागे कुठून राहणार?

त्यात फोटो-फ्लो, म्हणजे पाणी नीट निथळावं म्हणून घालायचं द्रावण, 1 भागाला 200 भाग पाणी. 600 मिलिलिटरला 3 मिलिलिटर, तेही सिरिंजने मोजून. अंदाजाने ओतलं की जास्त पडतं आणि त्याचाच चिकट थर फिल्मवर बसतो. याने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो; पाणी थेंब धरून बसत नाही, पातळ पसरून निथळतं. फिल्म आधी टँकमधल्या, ती गुंडाळलेल्या रिळावरून सोडवते आणि मगच यात मिनिटभर बुडवते, कारण प्लॅस्टिकच्या रिळाला हे द्रावण लागलं की पुढच्या वेळी फिल्म चढताना अडते. ढवळायचं नाही, फेस होतो. फेसाचा बुडबुडा जिथे सुकेल तिथे पुन्हा डाग.

वाळत घालते न्हाणीघरात. आधी गरम पाणी सोडून वाफ करते, तिच्याबरोबर हवेतली धूळ खाली बसते. वर क्लिप, खाली वजनाची क्लिप, आणि फिल्म जराशी तिरकी, म्हणजे पाणी चौकटींच्या मधून न ओघळता एका कडेला जमून उतरतं. पंखा बंद. बोटांच्या चिमटीत धरून पाणी निपटायचा मोह मला अजूनही होतो, पण भिजलेलं इमल्शन फार हळवं असतं. बोटाला चिकटलेला धुळीचा एक कण 36 चौकटींवर सरळ ओरखडा काढत जातो.

मग दार लावून घेते. बाहेरून ऐकू येतं : टप्... टप्... मग बराच वेळ काही नाही, आणि अजून एक टप्. सकाळपर्यंत आत जात नाही. सकाळी क्लिप काढायच्या आधी आकाशाच्या चौकटी दिव्यासमोर तिरक्या धरून बघते, आणि त्यानंतर चेहऱ्यांच्या.