ऋतू बदलताना पुन्हा दिसावा म्हणून

लहानपणीचे उन्हाळे संपता संपत नसत. दिवस तेव्हाही तेवढाच होता. आपण मात्र सकाळपासून अंधार पडेपर्यंत बाहेर असायचो, म्हणून ऋतू सरकताना डोळ्यांना दिसायचा. तो पुन्हा दिसावा असं वाटत असेल तर नुसत्या आठवणी काढून भागत नाही. ठरावीक गोष्टी वर्षभर बघाव्या लागतात, तारखेसह लिहाव्या लागतात.

सगळ्यात सच्ची नोंद सावलीची. एक मीटरची सरळ काठी सपाट जागेत ओळंबा लावून उभी करा. काठी जराशी कलली किंवा जमिनीला उतार असला की वर्षभराची मापं वाया जातात. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य माथ्यावर आला असं नसतं. म्हणून अकरा ते दोन दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा आणि सगळ्यात आखूड सावली वहीत लिहा. टोक धूसर दिसतं, कारण सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची आहे. धूसर पट्ट्याचा मध्य धरायचा, आणि दर वेळी तसाच.

आठवड्यातून एक माप पुरतं. जून आणि डिसेंबरच्या २१ तारखेच्या आसपास सावली जागची हलत नाही असं वाटेल. मार्च-सप्टेंबरमध्ये मात्र माध्यान्हीचा सूर्य आठवड्यात पावणेतीन अंश सरकतो. ऋतू एकदम पालटल्यासारखा वाटतो, त्याचं हे एक कारण.

दुसरी नोंद एका झाडाची. एकाच झाडाची! डोळ्यांच्या उंचीवरच्या फांदीला सैल दोरा बांधा. घट्ट बांधला तर फांदी जाड होताना तो सालीत रुततो. ‘पहिलं फूल’ कशाला म्हणायचं ते आधीच ठरवा, उदाहरणार्थ पाकळ्या उघडून पुंकेसर दिसले की. आणि ‘आज काही नाही’ हेही लिहा. लोक नेमकं हेच गाळतात, मग फूल त्या दिवशी उमललं की चार दिवस आधीच, हे कळायला मार्ग उरत नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या अशा नोंदी सुरू केल्या. घराण्याने त्या विसाव्या शतकापर्यंत चालवल्या.

तापमापक सावलीत, दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून दूर टांगा. तापलेली भिंत सूर्यास्तानंतरही उष्णता सोडत राहते आणि आकडा फुगतो.

लहानपणच्या आठवणींना वहीत मागची पानं द्या आणि नोंदी सुरू करण्याआधीच त्या लिहून काढा. नंतर लिहिल्या तर ताजी निरीक्षणं त्यांत मिसळतात.