तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइलवर ॲप असताना जपानी भाषा शिकायला गट कशाला?

नाशिकच्या कॉलेज रोडच्या चहापासून मावसभावाच्या हळदीपर्यंत हा प्रश्न सगळीकडे विचारून झालाय. फुकट ॲप आहे, तर दर रविवारी गंगापूर रोडला कुणाच्या तरी हॉलमध्ये सात जण बसून घोकंपट्टी कशाला करता? आजवर हसून टाळत आलो. आता एकदाच लिहून टाकतो.

ॲपला मी नावं ठेवणार नाही. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं गटात बसून शिकणं म्हणजे सगळ्यांचा रविवार वाया. ती घरी वहीत गिरवायची, रोज पाच. व्याकरणातही मराठी माणसाला सुरुवातीला बरंच आयतं मिळतं. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे. 'करून बघणं' म्हणजे 'शिते मिरु', 'करून ठेवणं' म्हणजे 'शिते ओकु', 'करून टाकणं' म्हणजे 'शिते शिमाउ'. घराबाहेर पडताना आपण 'जाऊन येतो' म्हणतो, तेही 'इत्ते किमासु' म्हणतात, शब्दाला शब्द. 'त्सु' म्हणताना हिंदीवाले अडखळतात; आपल्याकडे 'चूल'मधला च तयारच आहे. एवढं आयतं मिळालं की माणूस शेफारतो.

अडतं ते 'मला'पाशी. 'मला मांजर आवडतं' म्हणायचं तर आपण 'ला'च्या जागी 'नि' ठोकून देतो: 'वाताशि नि नेको'. पाहिजे असतं 'वाताशि वा नेको गा सुकि देसु'. ॲपवर चार पर्याय समोर असतात, त्यातलं बरोबर ओळखता येतं. पर्याय नसताना तोंडातून 'नि'च निघतो. समोर माणूस बसलेला असला की तो तिथल्या तिथे टोकतो. म्हणून गट हवा, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

मग एका डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा, झाली. इथली मुलं त्यासाठी पुणे नाहीतर मुंबई गाठतात. आमच्या गटातली सगळ्यात नियमित मुलगी एन५ ला, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीला, बसली आणि १८० पैकी १०४ गुण मिळवून नापास झाली. पास व्हायला ८० लागतात. भाषाज्ञान आणि वाचन मिळून तिला १२० पैकी ८७ होते. ऐकण्याच्या भागात मात्र ६० पैकी १७ आले, आणि तिथे वेगळे किमान १९ लागतात. दोन गुणांनी सगळं गेलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, गटात तर सगळं कळायचं मला."

या वाक्यावर मी बरेच दिवस वाद घातला, अर्थात स्वतःशीच. तिनं घरी ऐकलं नसेल, परीक्षेत घाबरली असेल, वगैरे. शेवटी आमच्याच एका रविवारचं फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि तोंड बंद झालं.

महिन्याची ४ तारीख म्हणजे 'योक्का' आणि ८ तारीख म्हणजे 'योओका'. आम्ही सातही जण ८ ला 'योका' म्हणत होतो, आणि घाईत ४ लाही. मराठीत इ आणि उ ऱ्हस्व-दीर्घ असतात, ए आणि ओ यांना असा भेद नाही, त्यामुळे लांबलेला ओ आपल्या कानाला खटकतच नाही. त्यात सगळ्यांच्या वह्या देवनागरीत. 'का' दिसतो दीर्घ, जपानीत तो एकाच ठोक्याचा असतो. 'देसु'मधला शेवटचा उ जवळजवळ गिळायचा, पण शाळेनं शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहायला लावलेलं, म्हणून आम्ही सगळे 'देसू'. तरी कुणी अडायचं नाही, कारण सगळ्यांसमोर तेच पान उघडं. आमचा गट एकमेकांच्या चुका समजून घेण्यात तरबेज झाला होता. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते आणि पान कुणी दाखवत नाही.

आता काय करतो तेही सांगतो, नाहीतर पुढचा प्रश्न तोच येईल. देवनागरी वह्या बंद. चारच्या वर जण एका टेबलाला नाहीत. सात आले तर दोन टेबलं. मूळ जपानी माणसाच्या आवाजातला पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा एकदाच वाजवायचा, ऐकलेलं हिरागानात लिहायचं, मग हवा तितक्यांदा वाजवून तपासायचं. बोटांनी ठोके मोजायचे: यो-क्-का तीन, यो-ओ-का पण तीन. फरक मधल्या ठोक्याचा: एकात आवाज बंद, दुसऱ्यात ओ चालू. 'कोको' म्हणजे इथे, दोन ठोके. 'को-ओ-को-ओ' म्हणजे हायस्कूल, चार. शेवटी प्रत्येकानं आपापल्या आवाजात वाक्यं घालायची आणि इतरांनी ऐकू आलं तसंच लिहायचं. अर्थ लावून दुरुस्त करायचं नाही. हे फार जड जातं. कळलेलं न कळल्यासारखं लिहायला आपण मुळात तयार नसतो.

तर गट हवा की नको? तुम्ही म्हणाल, हे सगळं एकट्यानंही जमेल. तुकडे ऐकणं जमेल. स्वतःचा 'ओ' स्वतःला ऐकू येत नाही, तिथे मात्र दुसरं कुणीतरी लागतं. पण ते दुसरं कुणी मराठीच असेल, तर त्याचा कान तरी कुठे वेगळा? याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि गट बंदही केलेला नाही.

ती मुलगी आता पंचवटीत घरीच, हेडफोन लावून अभ्यास करते. रविवारी शेवटच्या अर्ध्या तासापुरती येते आणि आम्हाला वाक्यं घालते. परवाच्या सहा वाक्यांत माझ्या दोन चुका निघाल्या. दोन्ही 'ओ'च्या.