आरएफ ७ चा माग: दिवस मावळला की एबीसी का जातं?

माळ्यावरच्या अँटेनावर एबीसी हे अमेरिकन टीव्ही नेटवर्क दुपारी स्वच्छ आणि अंधार पडला की तुटक, असं या सीझनभर चाललं होतं. काल, शुक्रवारी ८ नोव्हेंबर २०२४ ला, संध्याकाळी सात ते आठ मी ट्यूनरच्या (अँटेनाचा सिग्नल घेणाऱ्या डब्याच्या) स्टेटस पानासमोर बसून होतो. आरएफ ७ (एबीसीचा प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा चॅनल), सिम्बॉल क्वालिटी १००, म्हणजे डेटा एकही चूक न होता पोचतोय. जेपर्डी संपलं, व्हील ऑफ फॉर्च्युन संपलं, आकडा एकदाही हलला नाही. सीझन सुरू झाल्यापासून अंधार पडल्यावर असं पहिल्यांदाच झालं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "अरे, आज चित्र फुटत नाहीये का?" नाही फुटलं!

फोर-बे, म्हणजे यूएचएफसाठीचा चार भागांचा अँटेना, माळ्यावर चढवल्याचं मागच्या अपडेटमध्ये लिहिलं होतं. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनहून मॅनहॅटन पंचवीस-तीस मैल, ईशान्येला. सीबीएस (आरएफ ३६), एनबीसी (३५), फॉक्स (२७) हे सगळे यूएचएफवाले (वरच्या फ्रिक्वेन्सीचे) पहिल्याच स्कॅनला स्वच्छ मिळाले. एबीसी तेवढं व्हीएचएफवर (खालच्या फ्रिक्वेन्सीवर), आरएफ ७, आणि फोर-बे त्यासाठी बनलेलाच नाही. फिलाडेल्फियाकडे वळावं तर तिथलं एबीसी आरएफ ६, म्हणजे आणखी खालचा बँड, शिवाय पन्नासेक मैल लांब. मध्य जर्सीतल्या आपल्या सगळ्यांचंच हे जुनं दुखणं.

पण यंदा एबीसी सोडणं मला मान्यच नव्हतं. २०२३ चा फॉल, म्हणजे शरद ऋतूतला नव्या मालिकांचा सीझन, हॉलिवूडच्या संपात गेला. लेखक १४८ दिवस आणि नट ११८ दिवस कामावर नव्हते, आणि नेटवर्कांनी रिअॅलिटी शो अन् जुन्या भागांवर वेळ काढली. दोन वर्षांनी पहिल्यांदाच वेळापत्रकात नवीन मालिका ओळीने दिसल्या. त्यातली मला सगळ्यात हवी होती ती मंगळवारी रात्री दहाची, हाय पोटेन्शियल. तीच नेमकी आरएफ ७ वर.

आधी डायपोल, म्हणजे दोन सरळ दांड्यांचा साधा अँटेना. त्याची लांबी अर्ध्या तरंगलांबीहून जरा कमी ठेवतात. ७ नंबरचा चॅनल १७४ ते १८० मेगाहर्ट्झ, मध्य १७७. अर्धी तरंगलांबी साधारण ८५ सेंटिमीटर, ती ०.९५ ने गुणली की ८०. म्हणजे दोन बाजूंना ४०-४० सेंटिमीटर. प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंची तांब्याची नळी आणली, कापली, लाकडी पट्टीवर बसवली. साध्या डायपोलला ७५ ओहमची केबल थेट चालते, त्यामुळे ३०० ते ७५ चा बॅलन (अँटेना आणि केबल जुळवणारा जोड) काढून टाकला आणि केबलवर फेराइटचे (खरखराट अडवणारे) दोन मणी चढवले. फोर-बे आणि डायपोल यूएचएफ-व्हीएचएफ कम्बाइनरमधून एका आरजी-६ केबलवर. दुपारी अडीचला स्कॅन केलं आणि सात नंबर १०० वर उभा! ती नळी हातात घेऊन मी खाली आईला दाखवायला गेलो होतो. खोक्यावर '१५० मैल' छापलेला पातळ, भिंतीला चिकटवायचा अँटेना मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन घेतला होता. त्यावर हा चॅनल एकदाही लागला नव्हता. नव्याने येणाऱ्यांना माझं एकच सांगणं: मैलांचे आकडे वाचू नका, बँड वाचा. आणि केबलच्या टोकाला पिळून बसवायचे एफ-कनेक्टर टाळा, कॉम्प्रेशनचेच लावा. हत्यार महाग पडतं, पण व्हीएचएफवर सैल जोड लगेच जाणवतो.

ही झाली दुपार. संध्याकाळी तोच आकडा ६० वर, कधी ४५. चित्राचे चौकोन, आवाज तुटलेला. आई रोज सातला जेपर्डी बघते, इंग्रजी प्रश्नाचं उत्तर मराठीत देते, आणि बरोबर उत्तराच्या वेळी पडदा गोठायचा.

पहिला संशय प्रीअँपवर, म्हणजे अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या डब्यावर. एफएम रेडिओचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्याची दुप्पट १७६ ते २१६, म्हणजे थेट आपल्या चॅनलवर. अँप ओव्हरलोड झाला तर स्वतःच हे हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सिग्नल) तयार करतो. एफएम ट्रॅप, म्हणजे एफएम अडवणारा फिल्टर, मागवला, लावला, थोडा फरक पडला. मग अँपच काढला, अजून थोडा. संध्याकाळची पडझड मात्र तशीच. दुसरा संशय हवेवर: दिवस मावळला की तापमान बदलतं, लहरी वेगळ्या वाकतात. पण तसं असतं तर रोज न चुकता कशाला झालं असतं? तरीही मी या कल्पनेला दोन आठवडे धरून बसलो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

मग धनत्रयोदशी आली, २९ ऑक्टोबर, मंगळवार. आदल्या दिवशी वसुबारसेला खिडकीत एलईडीची माळ आणि आकाशकंदील लावला होता. त्या संध्याकाळी आरएफ ७ नुसता फुटला नाही, लॉकच, म्हणजे ट्यूनरची चॅनलवरची पकडच, गेला. माळेचा प्लग काढला, लॉक परत आला, पण आकडा ५५. म्हणजे माळ गुन्हेगार खरी, पण एकटी नव्हे. घरात तिच्याच जातीचं आणखी काहीतरी होतं. एलईडीच्या आतला स्वस्त ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याचा खरखराट व्हीएचएफपर्यंत पसरतो. यूएचएफपर्यंत पोचताना तो विरलेला असतो, म्हणून सीबीएस-एनबीसी शांत.

खरी कळ रविवारी, ३ नोव्हेंबरला फिरली. घड्याळं एक तास मागे गेली. सोमवारी लॉग उघडला तर बिघाड पाचच्या आत सुरू झालेला! मागच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक लिहिल्या. १८ सप्टेंबर ७:१०. १५ ऑक्टोबर ६:२०. २९ ऑक्टोबर ६:०५. ४ नोव्हेंबर ४:५५. हे सूर्यास्ताचं वेळापत्रक होतं. घरात सूर्यास्त ओळखणारी एकच वस्तू आहे: पुढच्या ओसरीवरच्या दिव्यांचा सेन्सर.

पुरावा हवा होता. ट्यूनर आणि राउटर एका सर्किटवर ठेवून बाकीचे ब्रेकर एकेक करून पाडले. ओसरीचा पाडताच आकडा ५५ वरून ९८. मग सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर एएमवर, दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी लावून घरभर फिरलो. ओसरीखाली नुसता गुणगुणत होता. माळ्यावर गेल्यावर ओरडायला लागला, आणि ते सुद्धा माझ्या डायपोलपासून हातभर अंतरावर. दिव्यांची वायर तिथूनच तुळईवरून गेली आहे. चार बल्बांचा खरखराट ती वायर थेट अँटेनाच्या कानात ओतत होती.

चारही बल्ब बदलले. जुने होते स्वस्त बारा-नगी पाकिटातले. नवे घेताना दुकानात एकेक बल्ब लावून शेजारी ट्रान्झिस्टर धरायची परवानगी मागितली, आणि काउंटरवरच्या काकांनी हसून दिली. दोन प्रकार नापास, तिसरा गप्प. तोच आणला. एफएम ट्रॅप मी काढणार होतो, पण आता राहू देतो, कारण अँप परत लावून फॉक्सला थोडी ताकद द्यायची आहे.

आता सीझनबद्दल थोडं, कारण एवढा खटाटोप त्यासाठीच.

हाय पोटेन्शियल मूळ फ्रेंच एचपीआयवरून घेतलेली. तीन मुलांची आई, पोलिसांच्या कचेरीत साफसफाई करणारी, बुद्ध्यांक १६०. कल्पना जुनीच, दर आठवड्याला एक केस. पण केटलिन ओल्सन ज्या वेगाने बोलते आणि मधेच घरच्या काळजीने थांबते, त्यामुळे मालिका उभी राहते. मला यंदाची हीच सर्वांत आवडली. ब्रिलियंट माइंड्सची (सोमवार, दहा) प्रेरणा ऑलिव्हर सॅक्स, त्यामुळे फार अपेक्षा होत्या. झॅकरी क्विंटो चांगला आहे, पण प्रत्येक भावना शब्दांत समजावून सांगतात आणि प्रेक्षकाला काही काम उरत नाही. जॉर्जी अँड मँडीमध्ये प्रेक्षकांचं हसू परत आलंय. यंग शेल्डनमध्ये ते नव्हतं, म्हणून सुरुवातीला कानाला लागलं, आता सवय झाली.

आईची पसंती सीबीएसची मॅटलॉक. कॅथी बेट्स ७६ वर्षांची, आणि म्हाताऱ्या बाईकडे कोणी नीट बघत नाही याच गोष्टीचा ती वकील म्हणून उपयोग करून घेते. पहिल्या भागाच्या शेवटी जे उलगडतं ते इथे सांगणार नाही. तो भाग संपल्यावर आई पाच मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही बाई आपल्याकडची वाटते." गुरुवारी नऊला मात्र अडचण: त्याच वेळी एबीसीवर डॉक्टर ओडिसी. म्हणून दोन ट्यूनर हवेतच. ओडिसी मी रेकॉर्ड करून शनिवारी बघतो. जहाज देखणं आहे, कथा त्यामानाने हलकी.

पुढचा बेत फिलाडेल्फियाच्या आरएफ ६ साठी ८४-८४ सेंटिमीटरचा दुसरा डायपोल करण्याचा होता. पण हे लिहिताना वाटतंय, सात नंबर एवढा सरळ झाल्यावर सहाची गरज काय? त्यापेक्षा आहे तो डायपोलच माळ्याच्या दुसऱ्या टोकाला, त्या वायरीपासून लांब न्यावा. केबल तीस फूट वाढेल, तेवढा तोटा चालेल.

राहिली माळ. ती तुळशीच्या लग्नापर्यंत लावायचीच, आईचा शब्द आहे. अॅडॅप्टरच्या वायरचे फेराइट रिंगवर आठ वेढे घेतले. आत्ता पाच वाजलेत, बाहेर अंधारलंय, ओसरीचे दिवे लागले. माळेचा प्लग घातला. सिग्नल क्वालिटी (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचा वेगळा आकडा) ८४ वरून ७९. सिम्बॉल १००.